जिवाणीची लोटी

शहराला पाणी पाजणाऱ्या माणसाला शहर ओळखत नाही, आणि ते एका परीने बरंच आहे. नळाला पाणी आलं की लोक बादलीकडे बघतात, नाही आलं की टेकडीकडे बघून शिव्यांची लाखोली वाहतात. त्या टेकडीवर, तळ्याच्या काठाला, पाणी शुद्ध करायचं केंद्र होतं. तिथे चौतीस वर्षं आठच्या पाळीला येणाऱ्या एका माणसाला सगळे ‘गाळणी’ म्हणत. नाव ठेवलं पंपावरच्या मिस्त्रीने, कारण हा गृहस्थ केंद्रातल्या नळाचं पाणीसुद्धा खिशातलं पांढरं फडकं पेल्यावर ताणून, गाळून प्यायचा.

“अरे, सबंध गावाला आपण पाजतो ते हे पाणी,” मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणायचा. “आणि तूच ते परत गाळतोस? उद्या न्हावी स्वतःची दाढी समोरच्या दुकानात करायला लागला, तर गिऱ्हाइकाने काय समजायचं?”

“सवय आहे रे,” गाळणी म्हणायचा, आणि फडकं पिळायला लागायचा.

त्याच्याकडून सरळ उत्तर काढणं कुणाला जमलं नाही. पाऊस येईल का, असं विचारलं तर म्हणायचा, “तळ्याकडून बघितलं तर येईलसं वाटतं. टेकडीकडून बघितलं तर तसं म्हणता येणार नाही.” चहा कसा झालाय, तर “एका परीने गोड आहे.” मिस्त्रीने एकदा सगळ्यांदेखत पैज लावली होती की गाळणीच्या तोंडून नुसतं ‘हो’ निघेल त्या दिवशी मी मिशी उतरवीन. मिशी पांढरी झाली, पण उतरली नाही.

त्याच्या डब्याच्या पिशवीत डब्याशेजारी एक लोटी असे. पितळी, आतून कल्हई केलेली, फिरकीच्या झाकणाची. पाळी सुरू व्हायच्या आधी तो तळ्याच्या पायऱ्या उतरायचा, शेवटच्या पायरीवर उकिडवा बसायचा आणि लोटी पाण्याला टेकवून हलकेच कलती करायचा. वरून धार सोडायची नाही. पाण्याला पाणी लागलं पाहिजे, आवाज होता कामा नये. मग लोटी त्याच पाण्यात विसळायची, झाकण लावायचं आणि पिशवीत टाकायची. धुकं असलं की त्याला स्वतःचा हातसुद्धा मनगटापलीकडे दिसायचा नाही. तेवढा वेळ त्याला वाटायचं की आपण कुठे आहोत, कोणत्या सालात आहोत, हे नक्की कुणालाच सांगता येणार नाही. त्याला ते फार आवडायचं.

लोटीत असायची जिवाणी. ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना सांगायला हवं. जैन घरात पाणी जाड दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय वापरत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण गाळून झालं की खरं काम पुढे असतं. फडक्यावर जे अडकलं, दिसो वा न दिसो, ते जीव; आणि त्यांचं घर म्हणजे ज्या पाण्यातून ते आले ते पाणी. म्हणून फडकं उलटं करायचं, त्यावर गाळलेलं पाणी हळू ओतून ते भांड्यात धरायचं, आणि विहिरीचं असेल तर विहिरीत, नदीचं असेल तर नदीत, जिथलं तिथे पोचतं करायचं. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत टाकली तरी दोष लागतो, कारण परक्या पाण्यात ते जगतीलच असं नाही. आपल्या तहानेपायी कुणाचं गाव उठू नये, असा तो हिशेब.

त्याची आई नवरी होऊन आली ती विहिरीच्या घरात. तिथल्या बादलीला बुडाशीही एक कडी होती. जिवाणीची बादली अलगद खाली सोडायची, पाण्याला टेकली की दोरीला हिसका द्यायचा, की बादली पाण्यातच उलटायची. पुढे वडील गेले, मुलाला टेकडीवर नोकरी लागली आणि बिऱ्हाड शहरात तिसऱ्या मजल्यावर आलं. पहिल्याच सकाळी आई ओलं फडकं हातात घेऊन नळासमोर उभी राहिली. नळाला काही उलटं पाणी पाजता येत नाही.

“हे पाणी येतं कुठून रे?” तिने विचारलं.

“वरच्या तळ्यातून.”

“तू तिथेच जातोस ना कामाला?”

झालं. त्या दिवसापासून लोटी त्याच्या मागे लागली ती लागलीच.

आईने त्याला धर्म शिकवला तो पाणी गाळता गाळता. पुस्तक घेऊन बसायला तिला वेळ कुठला! फडक्यातून पाणी थेंबथेंब पडत असायचं, तो गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेला असायचा, आणि ती सांगत असायची. फार फार पूर्वी म्हणे झाडंच माणसाला सगळं द्यायची, मागाल ते. मग झाडांनी हात आखडता घेतला आणि माणसं भांबावली. तेव्हा ऋषभाने त्यांना नांगर धरायला शिकवलं, मडकं घडवायला शिकवलं, अक्षर काढायला शिकवलं. सगळं शिकवून झाल्यावर स्वतः सगळं सोडून चालायला लागला. तो दारी उभा राहिला की लोक हत्ती द्यायचे, दागिने द्यायचे. त्याला भूक लागली असेल, हे वर्षभर कुणाच्या डोक्यातच आलं नाही. इथे आई दर वेळी हसायची. “मोठ्या माणसाला जेवलास का, असं कुणी विचारत नाही बघ.”

त्या पहिल्यानंतर एकामागून एक असे चोवीस झाले. त्यांना तीर्थंकर म्हणतात. तीर्थ म्हणजे नदीचा उतार, जिथून पायी पलीकडे जाता येतं ती जागा. “उचलून कुणी नेत नाही हं,” आई बजावायची. “उतार कुठे आहे तेवढं दाखवतात. पाय आपले आपणच भिजवायचे.” तेविसावा पार्श्व, चोविसावा महावीर. महावीरांना होऊन अडीच हजार वर्षं झाली, असं शाळेतल्या पुस्तकात होतं, आणि तिथूनच सगळं सुरू झाल्यासारखं ते लिहिलेलं होतं. आईला हे पटायचं नाही. उतार बुजतो, कुणीतरी पुन्हा मोकळा करतो, नदी काय तिथे आधीपासूनच असते. राजाचा हा मुलगा तिसाव्या वर्षी घरातून निघाला, साडेबारा वर्षं बहुतेक न बोलता हिंडला, कुणी दगड मारले, कुणी कुत्री सोडली, तरी यानं कुणावर हात उचलला नाही. शेवटी एका नदीच्या काठी, झाडाखाली, त्याला सगळं दिसलं.

“मांडी घालून बसला होता?” त्याने एकदा विचारलं होतं.

“नाही. उकिडवा. गाय दोहताना बसतात तसा.”

हे त्याच्या मनात इतकं पक्कं बसलं की तळ्याच्या शेवटच्या पायरीवर तो कधी दुसऱ्या तऱ्हेने बसलाच नाही. मग त्या नदीकाठच्या माणसाने पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा ऐकायला कोण कोण आलं! माणसं आली, पाखरं आली, वाघ आणि गाय एका पाणवठ्यावर शेजारी शेजारी प्यायली, आणि ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू आलं. लहानपणी तो झोपेत त्या गर्दीत जाऊन बसायचा. त्याच्या एका बाजूला बैल असे आणि दुसऱ्या बाजूला मुंगी, आणि तिघांनाही सारखंच कळत असे.

केंद्रातलं कामही त्याने आईच्याच शब्दांत समजून घेतलं, वरिष्ठांनी दिलेलं माहितीपुस्तक कपाटात तसंच राहिलं. जीव हा मुळात स्वच्छ पाणी. कर्म म्हणजे कुणी वर बसून लिहिलेली शिक्षा नव्हे. ती अगदी बारीक धूळ, आणि राग, गर्व, कपट, लोभ यांच्या ओलीने ती जिवाला चिकटते. तळ्याचं पाणी मोठ्या नळाने आत येई, तो आस्रव. बरोबर आलेला गाळ भिंतीला धरून बसे, तो बंध. झडप आवळली की येणं थांबे, तो संवर. तळाची चावी फिरवून साचलेला गाळ थोडा थोडा सोडायचा, ती निर्जरा. निवळणीच्या टाकीवरच्या अरुंद वाटेने तो तासन् तास फिरायचा. खाली पाणी इतकं संथ असायचं की ढग त्यात उलटे चालत, आणि आपण पाण्यावरून चाललो आहोत की ढगांवरून, याची त्याला फारशी चौकशी करावीशी वाटत नसे. सगळा गाळ गेलेलं पाणी कसं असेल, याचा तो विचार करी. इथे त्याचा विचार थांबे, कारण वाट संपायची आणि क्लोरीनची खोली यायची.

आता ज्यासाठी ही गोष्ट सांगायला घेतली ते सांगतो. हा माणूस मुंगी दिसली की पाय वरच्यावर धरणारा, बसण्याआधी स्टूल रुमालाने झटकणारा. आणि याचं काम होतं पाण्यात क्लोरीन सोडायचं. पिवळ्या सिलिंडरची चावी किती फिरवायची, काटा कुठे ठेवायचा, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. एक शिफ्ट, एक कोटी लिटर, आणि त्यात जे काही जिवंत उरलं असेल ते मेलं पाहिजे, यासाठी सरकार त्याला पगार देत होतं.

आईला हे माहीत नव्हतं. तिने पहिल्या महिन्यातच विचारलं होतं, “तुम्ही तिथे करता काय?” त्याने सांगितलं, “पाणी गाळतो. वाळूतून. मग वाळू धुतो आणि धुतलेलं पाणी परत तळ्यात सोडतो.” शब्दन् शब्द खरा होता. आईचा चेहरा असा फुलला की पुढचं वाक्य त्याच्या घशातच राहिलं. माझा मुलगा साऱ्या गावाचं पाणी गाळतो आणि जिवाणी जिथल्या तिथे सोडतो, असं ती जिन्यात भेटेल त्याला सांगायची. कपड्यांच्या वासाबद्दल विचारलं तर तो म्हणे, तुरटीचा. बायकोला खरं ठाऊक होतं. “आज ना उद्या अंगाशी येईल हो,” ती म्हणायची. तो म्हणायचा, “एका परीने आपण गाळतोच की.” प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात, माणसाला एका वेळी एकच दिसते, तेव्हा आपलंच खरं असं ठासून बोलू नये, हे आईनेच शिकवलेलं. आईची ती शिकवण त्याने आईपासूनच लपायला वापरली. याला काय म्हणावं? मी तर याला कपटच म्हणतो, आणि तोही मनातून तेच म्हणत होता.

आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक होती. नळाच्या पाण्यात जिवंत काही उरत नाही. म्हणजे आई पहाटे उठून, श्वास धरून, फडकं उलटं करून जी जिवाणी लोटीत भरते ती रिकामी असते. चौतीस वर्षं तो रिकामं पाणी दोन्ही हातांनी सांभाळून टेकडी चढत होता.

त्याच्या निवृत्तीला बारा दिवस उरले आणि आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एक्याऐंशीव्या वर्षी पट्टी निघाली. तिने आधी खिडकीची जाळी पाहिली, मग सुनेचे पांढरे केस पाहिले आणि म्हणाली, “अगंबाई, तू कधी म्हातारी झालीस?” आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आता दिसायला लागलंय तर ते तळं दाखव. तू घरी बसलास की मला कोण नेणार?”

त्याने थंडीचं निमित्त सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं, केंद्रात बाहेरच्यांना सोडत नाहीत, असंही सांगून पाहिलं. ते मिस्त्रीनेच फोनवर हाणून पाडलं. “आईंना आणतोस की मी गाडी पाठवू?” शेवटी सुट्टीच्या दिवशी तो तिला घेऊन गेला. तळ्याच्या पायरीवर त्या दिवशीची जिवाणी तिने स्वतः सोडली आणि लोटी पाण्यात विसळली. तिच्यामागे बसून तिचा दंड धरताना त्याला वाटलं, इथूनच परत फिरावं. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या बाई वरून हाक मारत आल्या.

या बाई कामाला चोख आणि मनाने मोकळ्या. गाळणीवर त्यांचा फार जीव. त्यांनी आईला खुर्ची दिली, सूक्ष्मदर्शक पुढे ओढला आणि तळ्याच्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला. “बघा आजी, तुमच्या तळ्यात काय काय आहे.”

आई नव्या डोळ्याने त्या नळीत बघायला लागली. आत एक हिरवा घड गोल गोल फिरत होता. एक काचेची चप्पल पोहत आली, कडेला अडखळली, मागे सरली, पुन्हा पुढे आली. एक कुणीतरी तोंडाशी दोन चक्रं फिरवत उभं होतं, जेवत असावं. कुणाच्या पोटात पिल्लू होतं, आणि तेही हलत होतं. ज्यांच्यासाठी तिने सत्तर वर्षं फडकं धरलं होतं, ते तिला पहिल्यांदा दिसत होते.

“आहेत की गं,” ती अगदी हळू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि ते काचेवर पडू नये म्हणून ती घाईने मागे झाली. “मला वाटायचंच. पण हे तर... बाई, हे तर नांदतायत.”

“आता हे बघा,” बाई म्हणाल्या, “आणि हे आपण गावाला देतो ते पाणी.” त्यांनी दुसरी काच सरकवली. आईने बघितलं. नुसता प्रकाश होता, गोल आणि रिकामा.

“यातले कुठे गेले?”

“बरेचसे वाळूत अडकतात. उरलेले क्लोरीनने मारतो.”

“कोण मारतं?”

“तुमचा मुलगाच की!” बाई कौतुकाने म्हणाल्या. “चौतीस वर्षं! त्यांच्यासारखा डोस आख्ख्या खात्यात कुणाला जमत नाही. गावात पाण्यामुळे एक माणूस दगावला नाही, आजी. तुम्ही भाग्यवान.”

आईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्याला ती नजर टाळता आली असती, पण त्याने टाळली नाही. “आई,” तो म्हणाला, “मी तुला अर्धंच सांगत आलो.”

परत येताना ती त्याच्या शेजारी बसली. रागावलेली दिसत नव्हती. रिक्षाच्या बाहेर बघत होती, जणू रस्त्याकडेची झाडंही एकेक करून मोजायची होती. दुपारी सुनेने पाण्याचा पेला पुढे केला तो तिने बाजूला ठेवला. संध्याकाळीही ठेवला. सूर्य मावळला, आणि मावळल्यावर ती पाण्याचा थेंबही घेत नसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“आई, डॉक्टरांनी सांगितलंय, पाणी भरपूर प्यायचं,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“मग माझ्यावरचा राग पाण्यावर कशाला? मला बोल.”

“राग नाही रे. अन् मारण्याचंही एवढं नाही,” ती म्हणाली. “चूल पेटवली तरी जीव जातात. नांगरात जातात, पाणी उकळलं तरी जातात. संसारी माणसाच्या हातून घडतंच. घडलं ते घडलं म्हणावं, जाणून म्हणावं, कमी करत जावं. मला ते पेललं असतं. पण तू चौतीस वर्षं सांगितलं नाहीस, ते गळ्याखाली उतरत नाही. करू काय?” एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

सकाळी सूर्य उगवला. दोन घटका झाल्या की ती पहिलं पाणी घ्यायची. दोन घटका होऊन गेल्या, पेला भरलेला तसाच. ओठांना कोरड पडून भेगा दिसत होत्या. पण दाराशेजारच्या फळीवर, रोजच्या जागी, लोटी मात्र होती. भरलेली. त्याने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, “पहाटे उठून माठातलं पाणी गाळलं, जिवाणी काढली, स्वतः थेंब घेतला नाही. मी काही विचारलं नाही.”

त्याला ती लोटी उचलवेना आणि ठेवूनही जाववेना. त्या दिवशी टेकडी चढताना तो दोनदा थांबला. आता तर आईलाही माहीत होतं की आत काही नाही, मग तिने ती भरली कशाला? तळ्याच्या पायऱ्या न उतरता तो तसाच प्रयोगशाळेत गेला आणि लोटी बाईंच्या टेबलावर ठेवली.

“बाई, एवढं बघता? मला फक्त कळू दे, की मी काय वाहत होतो.”

बाईंनी थेंब घेतला. सूक्ष्मदर्शकाची खुंटी फिरवली, पुन्हा फिरवली. मग उठून त्याला जागा दिली.

त्या गोल प्रकाशात, थोडं डावीकडे, कुणीतरी तोंडाशी दोन चक्रं फिरवत उभं होतं. त्याला वाटलं, कालचीच काच राहिली असेल. बाई म्हणाल्या, नाही, हा तुमच्या लोटीतलाच थेंब. “ही लोटी तुम्ही रोज कशी धुता?”

“तळ्यातच विसळतो.”

“पुसता?”

“नाही. झाकण लावतो.”

बाई हसायलाच लागल्या. “मग काय! तळ्यातले चार जण ओल्या लोटीतून रोज तुमच्या घरी मुक्कामाला जातायत, आणि सकाळी परत येतायत. माठात रात्रभर राहिलेलं पाणी, त्यातला क्लोरीन उडून गेलेला. त्यांना काही होत नाही.”

तो खाली गेला. शेवटच्या पायरीवर बसला आणि लोटी पाण्याला टेकवली. धुकं विरत होतं. चौतीस वर्षं ही रिकामी आहे असं समजून तो ती सांभाळून आणत होता. कंटाळून एक दिवस जरी गटारात ओतली असती तर? ओतली नव्हती. आईच्या भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, ओतली नव्हती. लोटी विसळायला हात पुढे गेला तसा त्याने मागे घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो उतार उतरत घरी पळाला.

आई खिडकीशी बसली होती. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. “म्हणजे काल एक खोटं कबूल केलंस, तर आज दुसरं निघालं! चौतीस वर्षं माझ्या घरी पाहुणे आणत होतास, अन् मला पत्ता नाही!”

तोही हसला. हसता हसता त्याने तिच्या पायांना हात लावला. “मिच्छामि दुक्कडम्, आई. माझ्या हातून चुकलं ते पुसलं जावो.”

ती हसायची थांबली. त्याचा हात तिने धरून ठेवला.

“मलाही तेच म्हणायचंय,” ती म्हणाली. “काल दिवसभर तेच घशाशी येत होतं. तुझी ताई तापाने गेली असं मी तुला सांगत आले ना?”

त्याची ही बहीण चार वर्षांची होऊन गेली होती, तो तेव्हा पाळण्यात होता. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

“तापाने नाही रे. त्या साली पूर आला, विहिरीत बाहेरचं पाणी शिरलं. तुझे वडील म्हणाले, उकळून घे. मी म्हटलं, मी गाळते आहे ना, दुहेरी फडक्यातून? माझ्या हातचं पाणी आहे. माझा गर्व होता तो. तिला माझ्याच हातचं पाजलं. दोन दिवसांत गेली. जुलाब थांबेचनात. तिसऱ्या दिवशी मी त्याच विहिरीवर जिवाणी सोडायला गेले, दोरी हातात धरून उभी राहिले. आणि मग सगळ्यांना ताप सांगितला. फडक्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.”

सून दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली.

“एक विचारते,” आई म्हणाली. “एका परीने, दुसऱ्या परीने, असलं काही सांगू नकोस. तुझा तो वायू तेव्हा आमच्या विहिरीत असता, तर ती जगली असती का?”

त्याच्या मनात शंभर वाक्यं तयार होती. तेव्हाचा काळ वेगळा होता. तशा दुखण्यात काही सांगता येत नाही. तिचं आयुष्य तेवढंच असेल. यातलं एकही वाक्य अगदीच खोटं नव्हतं. आईचे नवे डोळे त्याच्या तोंडावर होते आणि जे काही बोलू ते तिला लागणार होतं.

“हो,” तो म्हणाला.

आईने मान हलवली. फार हळू, दोनदा. मग तिने हात लांब करून सकाळपासूनचा पेला उचलला, दोन्ही हातांत धरला आणि प्यायला लागली. मध्ये थांबली नाही. घोट उतरतानाचा आवाज त्याला ऐकू येत होता. पेला रिकामा करून तिने खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. पदर तोंडावरून बराच वेळ निघाला नाही.

“अजून दे,” ती आतून म्हणाली.

संध्याकाळी ऊन असतानाच तिने लोटी मागून घेतली. आतून, बाहेरून, झाकणाच्या आट्यांतून कोरड्या फडक्याने पुसून काढली आणि फळीवर उपडी घातली. “उद्यापासून अशी कोरडी आणायची,” ती म्हणाली. “पाहुण्यांना त्यांच्या घरी राहू दे.”

“पण मग सकाळी तिच्यात काही नसणार, आई.”

“नसेल. तू बघितलंयस?” ती म्हणाली. “आणि चार दिवसांनी रिटायर झालास म्हणून सुट्टी नाही हं. लोटी जाणारच. मीही येईन. पायऱ्या उतरताना फक्त दंड धर.”